खेळ रद्द झाला की सुटल्यासारखे वाटते

प्रश्न : मी गेली तीन वर्षे पाच मित्रमैत्रिणींसाठी दर शनिवारी संध्याकाळी चार तास टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, फासे टाकत कथा घडवायचा खेळ, चालवते. जग मी रचलेले, कथा माझी, नियमही मीच सांभाळते. सुरुवातीला आठवडाभर डोक्यात तेच असायचे आणि त्यात मजा होती. आता शुक्रवारी रात्री वही उघडताना पोटात गोळा येतो, आणि कोणी 'उद्या जमणार नाही' असे कळवले की सुटल्यासारखे वाटते. मागच्या खेपेस आठ तास खपून मी एक बंदर उभे केले होते, त्याची चौदा पाने लिहिली होती. खेळाडूंनी दहा मिनिटांत होडी पळवली आणि ते बंदर सोडून निघून गेले. मी सगळ्यांसमोर चिडले. नंतर माफी मागितली, पण मनातून ते गेलेले नाही. थांबावेसे वाटते, तर एक मित्र म्हणतो, 'तू सोडलेस तर गटच मोडेल.' मी आळशी झाले आहे का? थांबायचे तर त्यांना सांगायचे कसे? आणि त्या चौदा पानांचे आता काय करू?
— बंदरावर अडकलेली

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत जड वाक्य तुमचे नाही, तुमच्या मित्राचे आहे. 'तू सोडलेस तर गटच मोडेल' हे तो कदाचित कौतुकाने म्हणाला असेल, पण ऐकणाऱ्याच्या गळ्यात ती धोंडच पडते, कारण त्याचा सरळ अर्थ असा की सहा जणांची करमणूक एका व्यक्तीच्या शनिवारवर टेकलेली आहे आणि बाकीच्या पाचांना ते ठाऊकही आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही सहा आठवडे थांबा, परतीची तारीख ठरवून थांबा, आणि परत याल तेव्हा आज करता त्यांतली निम्मी कामे पुन्हा हाती घेऊ नका. या दोहोंत दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नुसती विश्रांती घेऊन जुन्याच पद्धतीने खेळ सुरू केलात तर दोन-तीन महिन्यांत तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल, फक्त बंदराच्या जागी किल्ला असेल.

आळसाची शंका आपण हिशेबाने मिटवू. बाकीचे पाच जण आठवड्याला प्रत्येकी चार तास देतात. तुम्ही त्या बंदराच्या आठवड्यात बारा दिले. वर्षाला चाळीसच सत्रे आणि एका सत्रामागे सरासरी पाचच तास तयारी, असा हात आखडून हिशेब केला तरी तीन वर्षांत नुसत्या तयारीचे सहाशे तास होतात. आळशी माणूस एवढे करत नाही. किंबहुना मला उलटाच संशय येतो : मजा कमी होत गेली तसतशी तुम्ही तयारी वाढवत गेलात, या आशेने की आणखी एक नकाशा, आणखी चार पात्रे केली की पूर्वीचा रंग परत भरेल. दमलेले गेम मास्टर, म्हणजे तुमच्यासारखे खेळ चालवणारे, बहुधा हेच करतात. मीही केले आहे.

'बर्नआउट' हा शब्द तुम्ही वापरलेला नाही, पण तो तुमच्या मनात आलेला असणार, म्हणून त्याविषयी थोडे. योगायोग असा की गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला, आणि त्याच वर्षी हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाचा बर्नआउटवरचा लेख प्रसिद्ध झाला. त्याने ही अवस्था पाहिली होती ती मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या लोकांमध्ये, ज्यांत स्वेच्छेने येणारे पुष्कळ होते. म्हणजे पैशासाठी नव्हे, तर त्या कामावर जीव होता म्हणून येणारी माणसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-११' या वर्गीकरणात मात्र हा शब्द केवळ नोकरी-व्यवसायापुरता राखलेला आहे आणि त्याला आजारही म्हटलेले नाही. तिथे त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना होणे. काटेकोर अर्थाने तुमचा खेळ त्या व्याख्येत बसत नाही, पण शुक्रवारचा गोळा, रद्द झाल्यावरची सुटका आणि बंदरावरची चिडचिड या तीन खुणांच्या शेजारी ठेवून पाहा, चेहरेपट्टी जुळते. एक गोष्ट मात्र तपासून घ्या. हाच थकवा सोमवारी सकाळीही असतो का, झोप आणि भूक बिघडली आहे का, पूर्वी आवडणाऱ्या इतर गोष्टींवरूनही मन उडाले आहे का? तसे असेल तर हा प्रश्न खेळाचा नाही, आणि या सदराआधी तुम्ही डॉक्टरांना भेटले पाहिजे.

तसे नसेल असे धरून पुढे जातो. गेम मास्टरची खुर्ची दमवते ती गोष्ट सांगण्यामुळे नव्हे, तर गोष्टीच्या आडून त्या खुर्चीखाली येऊन साचलेल्या इतर कामांमुळे. सहा जणांच्या तारखा जुळवणे, जुळलेल्या तारखेची आठवण करणे, आठवण करूनही न येणाऱ्याची समजूत काढणे, मागच्या वेळी काय घडले ते लक्षात ठेवणे, नियमपुस्तकातला नेमका परिच्छेद शोधणे, लढाईत कोणाची पाळी आली ते सांगणे, गप्प बसणाऱ्याला बोलते करणे, सारखे बोलणाऱ्याला आवरणे, दोन खेळाडूंमधली खरी कुरबुर त्यांच्या पात्रांच्या भांडणातून वर येऊ लागली की ती वेळीच ओळखणे, आणि हे सारे करत असताना चेहऱ्यावर ड्रॅगनचा भाव कायम ठेवणे, ही सगळी कामे आपल्याकडे कधी आणि कशी आली हे कोणालाच सांगता येत नाही. पहिल्या दिवशी उत्साहात आपणच ती उचललेली असतात. आपल्या जुन्या नाटकांतला सूत्रधार नांदी झाल्यावर, नटीशी चार शब्द बोलून, खेळ नटांच्या हाती देऊन निघून जात असे. तुम्ही मात्र पडदा ओढण्यापासून तिकिटे फाडण्यापर्यंत सगळे करून वर खलनायकाची भूमिकाही करत आहात.

हे सारे एकट्यानेच करायचे असा या खेळाचा नियम नाही, आणि तो कधीच नव्हता. खुद्द गायगॅक्सच्या 'ग्रेहॉक' कॅम्पेनमध्ये, म्हणजे सत्रामागून सत्रे चालणाऱ्या लांब कथेत, काही काळातच रॉब कुंट्झ हा सहकारी गेम मास्टर म्हणून त्याच्याबरोबर बसू लागला होता. १९८७ साली आलेल्या 'आर्स मॅजिका' या खेळाने तर गेम मास्टरची भूमिका गटात फिरती ठेवण्याची पद्धतच मांडली. तेव्हा वाटणी मागताना आपण काही उपकार मागत आहोत असे समजू नका.

वाटणी करताना मात्र 'मला जरा मदत करा' असे मोघम बोलू नये. मोघम मागितलेल्या मदतीला सगळे 'हो हो, नक्की' म्हणतात आणि पुढचा शनिवार पहिल्यासारखाच उजाडतो. काम नाव घेऊन एकाच्या हाती द्यायचे आणि मग ते आपण करायचे नाही, ते चुकले तरी. तारखा जमवणे सर्वांत आधी द्या, कारण माझ्या अनुभवात माणसाला आतून पोखरते ते हेच काम : प्रत्येक न आलेले उत्तर आपल्याविषयीचा अभिप्राय वाटू लागते. ज्याने गट मोडेल असे सांगितले त्या मित्राकडे ते द्यायला मला आवडेल. गटाची एवढी काळजी असलेला माणूस या कामाला योग्यच आहे. नियमपुस्तक, जो नियमांवरून सर्वांत जास्त वाद घालतो त्याच्या मांडीवर ठेवा. वाद निम्म्याने कमी होतात, कारण आता त्याला दुसऱ्याला अडवण्याआधी स्वतः पान काढावे लागते. लढाईतल्या पाळ्या तिसऱ्याकडे.

मागील सत्राची बखर लिहिण्याचे काम कोणाला द्यावे, याविषयी माझा एक अनुभव सांगतो. मी ज्या गटासाठी खेळ चालवत होतो त्यात एक मुलगी टेबलाच्या कोपऱ्यात बसून फारसे बोलत नसे, आणि तिला खेळ आवडतो की नाही याची मला कायम धास्ती असे. एकदा कंटाळून मी वही तिच्याकडे सरकवली. पुढच्या वेळी तिने दीड पान वाचून दाखवले, तेही आपल्या पात्राच्या तोंडून, आणि त्यात मी घाईत निर्माण केलेल्या एका फाटकावरच्या शिपायावर चार ओळी होत्या. त्याचे नावही मला आठवत नव्हते. तिच्या मते तो शिपाई काहीतरी लपवत होता, कारण त्याने दोनदा एकच प्रश्न विचारला होता. तो प्रश्न मी दोनदा विचारला होता तो मी दमलो होतो म्हणून. पण पुढचे तीन महिने त्या शिपायाच्या गुपितावर खेळ चालला आणि त्यासाठी मला जवळजवळ काही रचावे लागले नाही.

आता तयारीकडे येऊ, कारण तुमचे बंदर तिथेच अडकले आहे. चौदा पाने मी पाहिलेली नाहीत, तरी त्यांत काय असेल याचा अंदाज करतो : खेळाडू धक्क्यावर उतरतील, मग त्यांना अमुक भेटेल, मग तो त्यांना तमुक सांगेल, मग ते गोदामात जातील. यातल्या प्रत्येक 'मग'ला पाच माणसांची संमती लागते आणि ती तुमच्या हातात नाही. घडणार काय हे लिहिले की पहिल्याच वळणावर वही बाद होते. तिथे आहे काय आणि कोणाला काय हवे आहे एवढेच लिहिले तर खेळाडू कुठेही गेले तरी ती कामास येते. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० च्या खेळाने हा विचार ठळकपणे मांडला. त्यात गेम मास्टर फासे टाकतच नाही. तो संकटांची घड्याळे लावून ठेवतो आणि कोणी मध्ये पडले नाही तर काटा कसा पुढे सरकेल एवढेच नोंदवतो. ही युक्ती उचलण्यासाठी तुमची खेळपद्धत बदलण्याची गरज नाही. तुमचे बंदर मी असे लिहिले असते :

बंदराधिकारी. बोलताना कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवतो. काळ्या शिडाचे जहाज तीन रात्रींत रिकामे व्हावे एवढेच त्याला हवे. धक्क्यावर ओल्या दोरखंडांचा वास. कोणी अडवले नाही तर : पहिल्या रात्री पेट्या गोदामात. दुसऱ्या रात्री पहारेकरी नाहीसा. तिसऱ्या रात्री गोदामाला आग.

सातच वाक्ये, अर्धे पानही नाही. खेळाडू थांबले तर चार तास पुरेल एवढा ऐवज यात आहे. आणि त्यांनी होडी पळवली तरी काही वाया जात नाही : तिसऱ्या रात्री त्यांना मागे क्षितिजावर लाल उजेड दिसतो, आणि वळायचे की नाही हा प्रश्न त्यांचा होतो. पेट्यांत काय होते ते तुम्ही अजून ठरवलेले नसले तर उत्तमच. टेबलाभोवती त्यावर तर्क सुरू होतील आणि त्यांतला एखादा तुमच्या डोक्यातल्यापेक्षा सरस निघेल. तो गुपचूप उचलावा आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये.

याच्या जोडीला एक प्रश्न पाठ करून ठेवा. सत्र संपले, लोक फासे गोळा करू लागले की कोणालाही उठू न देता विचारा : 'पुढच्या वेळी तुम्ही काय करणार?' आणि उत्तर बखरीच्या वहीत लिहून घ्या. ते 'होडीने उत्तरेला' म्हणाले तर तुमची तयारी उत्तरेपुरती. पुढच्या वेळी त्यांनी मत बदललेच तर बेधडक सांगा की तिकडचे मी काही केलेले नाही, आज सुचेल तसे चालवीन. ही कबुली दिल्याने खेळाचे काही बिघडत नाही. बिघडते असे वाटून मी अनेक वर्षे ती टाळली आणि त्यापायी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. एका भुयाराच्या दारावर मी सोळा ओळींचे पद्यमय कोडे लिहिले होते, छंदात वगैरे. खेळाडूंनी ते अर्धवट ऐकले आणि दारावर कुऱ्हाड घातली. मी फासे पाहिले, आकडा चांगला होता, आणि तरीही मी म्हणालो की कुऱ्हाड मोडली. टेबलावर एकदम शांतता झाली. कुऱ्हाड मोडलेली नाही हे सगळ्यांना कळले होते. तुम्ही निदान उघड चिडलात आणि माफी मागितलीत. मी नियमांच्या आड लपून रुसलो, आणि त्या गटाने मला पुढे कितीतरी दिवस 'कुऱ्हाड मोडेल हं' म्हणून चिडवले.

हे सांगण्याचे कारण असे की होडी पळवणे हा तुमच्या श्रमांचा अपमान नव्हता. तुम्ही उभ्या केलेल्या जगात ती होडी त्यांना इतकी खरी वाटली की पळवावीशी वाटली. पण तुम्हाला लागले तेही खोटे नाही, कारण ते आठ तास त्यांना दिसलेच नव्हते. पडद्यामागचे काम कोणाला दिसत नाही ही या छंदातली जुनी गोम आहे, आणि तिच्यावर मला एकच इलाज माहीत आहे : ज्या तयारीचे चीज झाले नाही तर राग येईल, ती तयारी करायचीच नाही. एका सत्राला एक तास. गजर लावा आणि तो वाजला की वही मिटा. पहिल्या एक-दोन खेपा उघड्यावर आल्यासारखे वाटेल, नंतर सवय होते. नकाशे रंगवणे, वंशावळ्या जुळवणे यांत तुम्हाला स्वतःला सुख असेल तर ते खुशाल करा, पण तो तुमचा वेगळा छंद समजा. त्याची वसुली शनिवारी पाच जणांकडून करू नका.

दर शनिवार की एकाआड एक, चार तास की तीन, हे परतल्यावर ठरवता येईल. माझा कौल एकाआड एकाला आहे. एक नियम मात्र आताच करून घ्या : पाचांपैकी तीन जण आले की खेळ होणार, आणि तीनही नसतील तर त्याबद्दल चर्चा होणार नाही.

मधल्या सहा आठवड्यांत गटाने काय करावे? तुम्ही काही जमवू नये, एवढे नक्की. पण कोणी विचारलेच तर सांगायला असू द्या की गेम मास्टर नसलेले खेळही आहेत आणि ते कोणी दुधाची तहान ताकावर भागवावी म्हणून केलेले नाहीत. २००९ चा 'फियास्को' आहे, ज्यात मोठी स्वप्ने आणि कच्ची अक्कल असलेली माणसे एका संध्याकाळीत आपली वाट लावून घेतात. २०११ चा 'मायक्रोस्कोप' आहे, ज्यात एखाद्या काल्पनिक युगाचा इतिहास पुढे-मागे उड्या मारत सगळे मिळून रचतात. २०१३ चा 'द क्वाएट इयर' आहे, ज्यात एका वस्तीचे एक वर्ष पत्त्यांच्या आधाराने नकाशावर उतरते. हे खेळ लहान गटांसाठी आहेत, 'फियास्को' तीन ते पाच जणांना आणि बाकीचे दोन चारांपर्यंत, त्यामुळे सहाही जण आलात तर तीन-तीनांची दोन टेबले करावी लागतील. याशिवाय पाचांपैकी एखाद्याला एका संध्याकाळीपुरती छोटी साहसकथा चालवून पाहायची इच्छा होईल. झाली तर तुम्ही खेळाडू म्हणून जा, आणि तिथे गेल्यावर कृपा करून त्याचे नियम दुरुस्त करू नका. त्याने एखादी जादू चुकीची वापरली तर वापरू द्या. तीन वर्षे ती खुर्ची सांभाळलेल्या माणसासमोर पहिल्यांदा गेम मास्टर होणाऱ्याचे हात कसे थरथरत असतील याची कल्पना करा.

आता सांगायचे कसे. सत्राच्या शेवटी, सगळे उठण्याच्या घाईत असताना नको, आणि रात्री उशिरा मन भरून आल्यावर लिहिलेल्या लांबलचक संदेशातूनही नको. शक्य असेल तर पुढच्या सत्राच्या सुरुवातीला, फासे बाहेर निघण्याआधी, समोरासमोर बोला. बोलणे कठीण वाटत असेल तर दिवसाउजेडी लिहा, आणि एवढेच लिहा :

'मंडळी, पुढचे सहा आठवडे मी खेळ चालवणार नाही. मी दमले आहे, कोणावर राग नाही. सातव्या शनिवारी आपण सगळे भेटू आणि पुढे कसे खेळायचे ते मिळून ठरवू. मधल्या काळात कोणाला काही चालवायचे असेल तर मी खेळाडू म्हणून आनंदाने येईन, पण जमवाजमव माझ्याकडे नसेल.'

यातले 'कोणावर राग नाही' हे शब्द खरे असतील तरच ठेवा. कोणावर खरोखर राग असेल, म्हणजे दर वेळी तासभर उशिरा येणारा किंवा तुम्ही बोलत असताना फोनमध्ये डोके घालून बसणारा कोणी असेल, तर त्याच्याशी वेगळे बोलले पाहिजे; त्याच्यावरचा राग पाच जणांत वाटून देऊ नका. 'जमले तर', 'बघू', 'कदाचित' हे शब्द गाळा, कारण त्यांच्या फटीतून शनिवार परत आत शिरतो. परवानगी मागू नका, आणि माफी तर मुळीच मागू नका. बंदराची माफी तुमची मागून झाली आहे. सातव्या शनिवारी भेटायचे ठरले आहे, खेळायचे नाही, हे मी मुद्दाम तसे ठेवले आहे. त्या दिवशी वही न घेता जा.

संदेश गेल्यावर थोडी शांतता होईल, मग दोघे-तिघे 'अगदी कर, हक्क आहे तुझा' म्हणतील, आणि कोणीतरी 'पण राणीचे काय झाले?' असे विचारील. त्या शेवटच्याला मी तुमचा खरा चाहता समजेन. गट मोडेल म्हणणारा मित्र पुन्हा तेच म्हणाला तर वाद न घालता विचारा, 'मग पहिला शनिवार तू घेतोस का?' तो हो म्हणाला तर प्रश्न सुटला. नाही म्हणाला तर ते वाक्य तो पुन्हा उच्चारणार नाही, एवढा फायदा तरी होईल.

आणि खरेच मोडला तर? मोडूही शकतो, हे मी लपवणार नाही. गेम मास्टर थांबला आणि गट पांगला असे होते. मात्र ज्या गटाला तुमच्या श्रमांखेरीज दुसरा सांधाच नव्हता, तो तुम्ही आणखी सहा महिने ओढला असतात तरी सातव्या महिन्यात सुटलाच असता, आणि तोवर तुम्हाला या खेळाचाच वीट आला असता. उलटही घडते. लोक भेटत राहतात, पत्ते कुटतात, गप्पा मारतात, आणि मग लक्षात येते की शनिवार हवा होता तो त्यांना, ड्रॅगन असो वा नसो.

सहा आठवड्यांत स्वतःकडे एका गोष्टीसाठी लक्ष ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुठेतरी रांगेत उभे असताना, 'त्या पहारेकऱ्याला धाकटी बहीण असली तर?' असे काही आपोआप डोक्यात येते का? येऊ लागले तर परत जाण्यात अर्थ आहे. सहा आठवडे पूर्ण होऊनही तसे काही आले नाही, उलट सातवा शनिवार जवळ येताच पोटातला गोळा परतला, तर त्या भेटीत सांगून टाका की ही कथा आपण आणखी दोन सत्रांत संपवू. प्रत्येकाला विचारा की आपल्या पात्राच्या हातून शेवटी काय घडलेले त्याला पाहायचे आहे, ते कागदावर घ्या, आणि त्याच पाच गोष्टींचा शेवट करा. तीन वर्षे चाललेली कथा नीट संपणे ही या छंदात दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक कॅम्पेन 'पुढच्या आठवड्यात नक्की'च्या वाटेवर हरवतात.

परत खेळायचे ठरले, आणि पुन्हा तीच दमछाक नको असेल, तर 'मायक्रोस्कोप'चा कर्ता बेन रॉबिन्स याने चालवलेल्या 'वेस्ट मार्चेस' या कॅम्पेनची रीत विचारात घ्या. तिथे ठरलेला वार नव्हता आणि ठरलेला गटही नव्हता. कधी खेळायचे आणि नकाशावर कुठे जायचे हे खेळाडू आपापसांत ठरवून गेम मास्टरला कळवत, आणि तो तेवढ्याचीच तयारी करत असे. तुमच्या पाच जणांना तेवढे पेलेल की नाही ते मला सांगता येत नाही, पण निदान 'कुठे जायचे ते आधी कळवा' एवढा भाग घेण्यासारखा आहे.

परतीच्या पहिल्या सत्राला काही नवे रचू नका. पहिला अर्धा तास खेळाडूंना आठवू द्या की आपण कुठे होतो, कोण जिवंत आहे, कोणाशी वैर आहे. तुम्ही मध्ये बोलू नका, चुकीचे आठवले तरी दुरुस्त करू नका. फक्त लिहून घ्या. जे पाचांपैकी एकालाही आठवले नाही ते जगातून काढून टाका. तुमची वही त्या अर्ध्या तासात बरीच हलकी होईल, आणि जे उरेल ते सगळे त्यांचेही असेल.

राहता राहिली ती चौदा पाने. फाडू नका. खेळाडूंना फिरवून त्या बंदरावर परत आणण्याचा मोहही आवरा. ओढून आणले की त्यांना ते कळते. एकदा शांतपणे वाचा आणि ज्या तीन-चार गोष्टी लिहिताना तुम्हाला स्वतःला गंमत वाटली होती तेवढ्यांवर खूण करा. किल्ल्यांचा जुडगा मी कल्पनेने घातला आहे, तुमच्या पानांत त्याहून चांगले काही असेल. होडी उत्तरेला जाते आहे, तिला कुठेतरी धक्का लागणारच, आणि तिथे कोणीतरी जकात मागायला उभा राहणार. तो माणूस तुमच्याकडे लिहून तयार आहे. फक्त नाव बदला.